घोडीची रजा आणि माझी

डॉक्टरांनी मला सहा आठवड्यांची रजा लिहून दिली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: स्ट्रेस. त्याच आठवड्यात, केंब्रिजजवळच्या आमच्या खेड्यात, शेजारच्या बाईंची घोडीही रजेवर गेली. तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली होती. बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, आणि नेमकं त्यांचंही मनगट प्लास्टरमध्ये. त्या दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही घरीच असता हल्ली. उद्या नालबंद यायचाय. घोडी धरायला कुणीतरी हवं."

मी वाढले पुण्यात. घोडा पाहिला तो वरातीत, तोही लांबून. पण मला नाही म्हणता येत नाही. त्यापायीच तर रजा घ्यावी लागली होती.

नालबंद साठीचा, बुटका, कातडी एप्रन बांधलेला. आल्याबरोबर त्याने घोडीची विचारपूस केली, माझ्याकडे बघितलंही नाही. बाई दोर माझ्या हातात देऊन चहा करायला आत गेल्या. मी विचारलं, "ही तर कामच करत नाहीये. मग आत्ता नालबंद कशाला?"

"रजा घोडीला," तो म्हणाला. "खुरांना नाही. ते वाढतच राहतात. नाल काढून टाकायचे, कडा गोल करायच्या, म्हणजे चिरत नाहीत. आणि दर सहा आठवड्यांनी बघायचं, काम असो वा नसो."

त्याने घोडीचा पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यांमध्ये धरला आणि खिळ्यांची वळलेली टोकं सरळ करायला सुरुवात केली. तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसचा 'वेलबीइंग कॉल' होता, रजेवरच्या माणसाची ठरलेली विचारपूस, आणि मी तो साफ विसरले होते. एका हाताने दोर धरून मी फोन स्पीकरवर टाकला आणि कोटाच्या वरच्या खिशात ठेवला.

"माझ्याबरोबर एचआरच्या मॅडमही आहेत," मॅनेजर म्हणाला. एचआरच्या मॅडमना थेट माझ्याशी बोलायची सवय नव्हती. त्यांनी मॅनेजरलाच विचारलं, "साधारण किती दिवस लागतील तिला?"

"सहा आठवडे तरी," घोडीच्या पोटाखालून नालबंद म्हणाला. "घाई केलीत तर कायमची जाईल."

"आपण कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी पाय बघतो. अकरा वर्षं बघतोय हिला."

मी म्हणणार होते, अहो, हे घोडीबद्दल बोलताहेत. पण घोडीने तेवढ्यात डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. तिचं डोकं एवढं जड की तोल सावरण्यातच माझं बोलायचं राहून गेलं.

"कामावर परतताना काय काळजी घ्यावी लागेल?" मॅडम. टाइप करण्याचा आवाज येत होता.

"पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा मिनिटं. नुसतं चालायचं, सरळ रेषेत. गोल गोल अजिबात फिरवायचं नाही. एकटी ठेवू नका, सोबत लागते तिला."

"स्वभावाने कशी आहे?"

"गरीब आहे. रोजचा क्रम बदलला की मात्र चावते."

"हो, आम्हाला अनुभव आहे," मॅनेजर हळूच म्हणाला.

घोडीने पाय ओढला. नालबंद खेकसला, "सरळ उभी राहा गं, शहाणे!" त्यावर दोघांनी घाईघाईने आभार मानले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ईमेल आलं. कामावर परतण्याची योजना, तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार. पहिला आठवडा, रोज दहा मिनिटं. कामं एका वेळी एकच, सरळ स्वरूपाची. गोल गोल फिरणाऱ्या मीटिंग नाहीत. सोबतीला परिचित सहकारी.

मी तीनदा उत्तर लिहून खोडलं. चौथ्यांदा सगळं खरं लिहिलं: तज्ज्ञ नालबंद होते आणि बोलणं एका घोडीबद्दल होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, परंतु योजना मंजूर झालेली असून तिच्यात बदल करायचा तर नव्याने फॉर्म भरावा लागेल.

मी फॉर्म भरला नाही.

रजा संपल्यावर गेले, दहा मिनिटांसाठी. माझ्या टीममधला एक शांत मुलगा मला दारापासून खुर्चीपर्यंत सोडायला आला. त्याला ईमेलमध्ये तसं सांगितलं होतं, आणि तो ते अगदी मनापासून करत होता. एक ईमेल वाचलं, एकाचं उत्तर दिलं, आणि त्याच्याच सोबतीने बाहेर आले. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं झाली. कुणी हसलं नाही. माझ्याजवळून जाताना लोक आवाज खाली आणत. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी वाक्य अर्धं टाकून दुसरीकडे धावले नाही.

त्याच आठवड्यात नालबंद परत आला. वीस मिनिटांचं काम संपवून मी दुपारी घोडी धरायला हजर होते. शीर बरी झाली होती. तापलेला नाल खुरावर टेकवला की केस जळल्यासारखा वास सुटे, धुराने माझे डोळे चुरचुरत, आणि घोडी मात्र डोळे अर्धवट मिटून उभी. चारही नाल बसले. बाई एका हाताने तिला गल्लीतून पुढे घेऊन निघाल्या. रस्त्यावर टापा वाजायला लागल्या तशा बाई रडू लागल्या आणि मलाही रडू आलं.

नालबंदाने एप्रन सोडला, माझ्या पायांकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तुमचे बूट मात्र बदला."