साखळीवाला एमिल वोंड्रा

"दिसलं ते बोलायचं, आणि कॉफी गार व्हायच्या आत बोलायचं," असं एमिल वोंड्रा नेहमी म्हणायचा. नेब्रास्कातल्या आमच्या गावात त्याची कॉफी गार झालेली मी कधी पाहिली नाही.

धान्याच्या कोठारावर आयुष्य काढलेला माणूस. उंच, किंचित वाकलेला, वाऱ्याची सवय झालेला. मक्याची पानं वाळून खडखडू लागली, की शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव शाळेच्या मैदानाकडे लोटायचं. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी धरून पळायचं, नाहीतर तो हवेतून साथीदाराकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांचा होतो. ते अंतर मोजायची साखळी दोन काठ्यांना बांधलेली असते. एक काठी एमिलकडे, दुसरी माझ्याकडे.

अंगात नारिंगी जाकीट चढवलं की साखळीवाल्याला गाव नसतं, संघ नसतो. टाळी वाजवायची नाही, हळहळायचंही नाही. आठवडाभर तोंडाचा पट्टा चालवणारा एमिल त्या जाकिटात कुंपणाच्या खांबासारखा उभा राहायचा. त्या गप्प राहण्याचा त्याला केवढा अभिमान होता! बायको अ‍ॅग्नेस ते जाकीट दर शनिवारी धुऊन वाळत घालायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसेल, अशा दोरीवर.

आमचा मुख्य कोच जीन कोझाक. भला माणूस, पण डोक्यात एकच चाल. चेंडू दांडगट पोराच्या हातात द्यायचा आणि त्याला मधूनच घुसवायचं. पहिल्यांदा मधून, दुसऱ्यांदा मधून, अडलं तरी मधूनच.

"तो काय करणार ते समोरच्यांना ठाऊक असतं," एमिल शनिवारी कॅफेत म्हणायचा. "त्यांच्या बसच्या ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक असतं."

"आपले बापजादे असेच खेळले लेका," स्टॅन्ली खाटीक चिडायचा. "चेंडू फेकला की तीन गोष्टी होतात: आपला झेलतो, खाली पडतो, नाहीतर समोरचा झेलतो. त्यातल्या दोन वाईट."

"बापजादे घोड्यांनी नांगरायचे. मग विका सगळे ट्रॅक्टर."

हसण्याने कपबशा हलायच्या. कोझाक कोपऱ्यात बसून अंडी खात हे सगळं ऐकायचा. मान वर करायचा नाही.

त्या शरदातला शेवटचा सामना. जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर पोरांचं वर्ष संपलं. घड्याळ संपत आलेलं, चौथा प्रयत्न, हवं होतं हातभर अंतर. समोरच्यांनी सगळी माणसं मध्ये आणून भिंत उभी केली. डावी बाजू रिकामी, ओसाड शेतासारखी. आमची पोरं मात्र मधल्याच चालीला उभी राहिली. तेवढ्यात माझ्यापासून साखळीभर अंतरावरून आवाज आला:

"फेक रे पोरा! डावीकडे फेक!"

एमिलचा आवाज. नारिंगी जाकिटातून.

फेकणारा पोरगा क्षणभर थबकला. मग कोचने सांगितलं तसा त्याने चेंडू दांडगट पोराला दिला, तो मधून घुसला आणि भिंतीवर आपटला. पंचांनी आम्हाला आत बोलावलं. एमिलने साखळी ताणून धरली. चेंडू कमी पडला होता.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात संघाच्या पाठीराख्यांची बैठक भरली. दर सामन्यानंतर भरते. कोच सामन्याची फिल्म दाखवतो, बायका कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, वाढतात, लोक शंका विचारतात. त्या दिवशी फिल्ममध्ये तो आवाज स्पष्ट ऐकू आला. कोणी हसलं नाही.

पाठीराख्यांची अध्यक्षीण लॉरेन सेडलाचेक म्हणाली, "एमिल, काही बोलायचंय तुम्हाला?"

एमिल उठला. घडी घातलेलं जाकीट काखेत होतं. "जाकीट अंगात असताना ओरडलो. ते चुकलंच. पंचांची माफी मागितली, पोरांची मागितली. कोच, तुझीही मागतो."

कोझाकने मान डोलावली. "एक सांगतो एमिल, तुम्हाला माहीत नसेल. आपल्या फेकणाऱ्या पोराचा अंगठा सुजून टोमॅटोसारखा झाला होता. समोरच्यांना कळू नये म्हणून गप्प राहिलो. त्याने फेकायचं कशाने?"

खोलीत कुजबुज झाली. स्टॅन्ली म्हणाला, "आता बोल, गड्या!"

एमिलने जाकीट दुसऱ्या काखेत घेतलं. मग म्हणाला, "हे मला ठाऊक नव्हतं. त्या चालीपुरता तुझ्या बाजूने एक मुद्दा झाला. पण जीन, गेली चार वर्षं त्याचा अंगठा सुजलेलाच होता काय रे?"

तळघरात हशा पिकला. कोचच्या बायकोनेही रुमाल तोंडाला लावला. कोझाकचे कान लाल झाले.

"बस झालं," तो म्हणाला. "साखळीवाला निष्पक्ष हवा. जाकीट ठेवायचं असेल तर माझ्या चालींवर तोंड उघडायचं नाही. मैदानावर नाही, आणि कॅफेतही नाही."

लॉरेन हळूच म्हणाली, "एवढं कबूल करा ना एमिल. तुमच्याशिवाय पुढच्या वर्षी साखळी कोण धरणार?"

मी मनात म्हणत होतो, हो म्हण. हो म्हण आणि सोमवारपासून पुन्हा बोलायला लाग. पण शब्द देऊन मोडणाऱ्यांतला तो नव्हताच.

"मैदानावर दगड होऊन उभा राहीन," तो म्हणाला. "पण कॅफेतली खुर्ची शाळेची नाही. पोरं गावाची, हरतात तेव्हा गावच हरतं. मधून घुसणं चुकतंय असं मला दिसतंय, आणि मी ते बोलणार. उद्या सकाळीच बोलणार. तूही ये, तोंडावर भांड."

"मग जाकीट द्या," कोझाक म्हणाला.

एमिलने जाकीट टेबलावर ठेवलं, कोलाच्यांच्या ताटाशेजारी. एका बाहीवर सुरकुती पडली होती, ती तळहाताने सपाट केली. टोपी घातली.

"अ‍ॅग्नेस, मी चालतच जातो."

"जा," ती कॉफी ओतत म्हणाली. "बटाटे चुलीवर ठेव."

तो पायऱ्या चढून गेला. तळघराच्या छोट्या खिडकीतून आधी फक्त त्याचे बूट दिसले, मग खडीच्या रस्त्यावर तो पुरता दिसू लागला. कापणी झालेल्या शेतांमधून, हात खिशात, मान ताठ. खिडकीशी मी होतो, लॉरेन होती, आणि आमच्या मागे कप हातात धरून जीन कोझाक. रस्ता वळून एमिल दिसेनासा झाला, तरी कोच तिथून हलला नाही. त्याच्या कपातली कॉफी गार होत गेली.