हात मध्ये आला

थोरलीचा राग पूर्वी दुधासारखा होता. वर यायचा, फुंकर मारली की खाली बसायचा. धाकटीचा हात गेला त्या दिवसापासून तो बसेनासा झाला.

त्या दोघी बहिणी आणि मी त्यांची मैत्रीण, आम्ही तिघी एकाच लाँड्रीत. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. धाकटी इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर असायची, थोरली आणि मी घडीवर. चादरीची घडी घालायला दोघी लागतात. समोरासमोर उभं राहून, कोपऱ्याला कोपरा लावत आम्ही एकमेकींची अख्खी आयुष्यं ऐकली आहेत. धाकटीला थोरलीनेच वाढवलं. धाकटी तिला ताई म्हणायची, पण वागायची आईशी वागावं तशी, म्हणजे उलट उत्तरं देत.

त्या इस्त्रीच्या मशीनचं नाव आम्ही दीडशहाणा ठेवलं होतं. चादर पट्ट्यावर पसरली की ती तापलेल्या रुळाखाली ओढली जाते, आणि वरचा कॅमेरा हातांवर लक्ष ठेवतो. आधी तो इतका भित्रा होता की बाहीची सावली पडली तरी थांबायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, कृपया हात मागे घ्या. कामाचा नुसता खोळंबा. मग एका सोमवारपासून त्याचं थांबणं जवळजवळ बंद झालं. मशीन रोज शिकतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्हीही म्हटलं, चला, गाढवाला अक्कल आली.

चादरीचा कोपरा दुमडला की आमच्या धंद्यातल्या कुठल्याही बाईचा हात आपोआप पुढे जातो. वर्षानुवर्षांची खोड आहे ती. धाकटीचाही गेला. दीडशहाण्याने तो कापडासारखाच आत घेतला. डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण हात मनगटापासून काढावा लागला.

साहेब, म्हणजे आमचा मॅनेजर, फळं घेऊन दवाखान्यात आला. म्हणाला, फार दुर्दैवी घटना घडली, हात मध्ये आला. थोरलीने विचारलं, हात आला तरी मशीन थांबलं नाही? तो म्हणाला की नाही थांबलं, पण तो निर्णय मशीनचा, ते स्वतःच शिकतं, त्याला कोण काय करणार. आम्ही मशीन बनवणाऱ्यांकडे गेलो तर ते म्हणाले, वापरणाऱ्यांना विचारा. साहेबाच्या बोलण्यात सगळं आपापलंच होत होतं. घटना घडत होती, हात येत होता, निर्णय होत होता. जगात कुणी काही करतच नव्हतं. पगार तेवढा हा माणूस स्वतःच्या हाताने घ्यायचा.

मला इतका संताप आला की मी थोरलीला म्हटलं, हातोडा आणते, फोडूया त्या दीडशहाण्याला. तिने घडी घालायचं थांबवलं नाही.

"मशीन फोडलं तर नवीन येईल," ती म्हणाली. "त्याला ना झोप, ना पोरंबाळं. त्याच्यावर कसला सूड उगवायचा? मला माणूस पाहिजे."

पुढे काही महिन्यांनी सरकारी तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. कंपनीचा वकील सोबत होता. दाखवण्यासाठी मेकॅनिकने मशीन तापवून, चालू करून ठेवलं होतं. वकील म्हणाला, अपघाताच्या दिवशी होतं तसंच मशीन आहे, कुणी काही बदललेलं नाही, ते पूर्ण सुरक्षित आहे, चूक त्या मुलीची. साहेब मान हलवत होता. थोरलीला जबाबासाठी बोलावलं होतं. तिने बाईंकडे पाहिलंच नाही, सरळ साहेबाला विचारलं.

"मशीन तसंच आहे ना, साहेब?"

"हो."

"आणि सुरक्षित आहे?"

"हो, म्हटलं ना."

"मग घाला हात."

वकील मध्ये पडेपर्यंत तिने साहेबाचं मनगट धरलं होतं. ओल्या चादरींचे ढीग उचलून तिच्या पंजात जी ताकद आली आहे ती मला माहीत होती, त्याला तेव्हा कळली. तिने त्याला पट्ट्यापर्यंत ओढत नेलं. पट्टा सरकत होता, रूळ फिरत होता, दीडशहाणा गप्प होता. साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो मशीनवरच्या मेकॅनिककडे पाहून ओरडला, "अरे, मी त्याचं थांबणं कमी करायला लावलं होतं, ते आधी पहिल्यासारखं कर!"

इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'मी' निघाला. बाईंनी हात लांब करून मशीनचं लाल बटण दाबलं आणि शांतपणे विचारलं, काय कमी करायला लावलं होतं? थोरलीने तरीही लगेच मनगट सोडलं नाही. मीही तिला सोड म्हटलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

कंपनीने त्याला आठवड्याच्या आत काढून टाकलं. भिंतीवर सूचना लागली की एका अधिकाऱ्याने परस्पर निर्णय घेतला, संस्थेला त्याचा खेद आहे. त्याच्यावर खटला उभा राहिला. दीडशहाणा पुन्हा सावलीला घाबरू लागला. लोक थोरलीची पाठ थोपटत होते, आणि तीही बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. धाकटी तेव्हा डाव्या हाताने केस विंचरायला शिकत होती. ती मात्र म्हणाली, ताई, एका माणसाच्या डोक्यात एवढं सगळं आलं असेल का गं?

एका रविवारी मी त्यांच्याकडे बसले असताना साहेब दारात उभा राहिला. पार सुकला होता. म्हणाला, मला बळीचा बकरा केलंय. मशीन फार थांबतं म्हणून वरच्यांची बैठक झाली होती. एखाद्याला इजा होईल हेही तिथे बोललं गेलं होतं, आणि तरी सगळ्यांनी मिळून ठरवलं. सही तेवढी माझी. त्याने हात जोडले आणि माफी मागितली.

मला वाटलं, आता दार तोंडावर आपटणार. थोरलीने खुर्ची पुढे सरकवली.

"माफी मिळणार नाही," ती म्हणाली. "बसा. सगळ्यांनी म्हणजे कोणी कोणी, ते सांगा. आणि उद्या हेच त्या बाईंसमोर सांगायचं."

"आणि माझ्यावरचा खटला?"

"तो चालेल."

त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मग आत येऊन बसला. थोरलीने धाकटीला हाक मारली, ये, तूही ऐक. ती आली, त्याच्यासमोर बसली आणि आपला उजवा हात, होता तेवढा, टेबलावर ठेवला. साहेबाने मान खाली घातली आणि पहिलं नाव सांगितलं.