आप्पांच्या मेंढ्याची समुचित व्यवस्था

आप्पांच्या दहाव्याला कावळा दुपारपर्यंत शिवला नाही, याला माझं व्याकरण जबाबदार आहे, असं आमच्या घरात सर्वानुमते मानलं जातं. (या ठरावाचा मी जाहीर निषेध करतो!)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लोणी गावात मी कालव्याच्या पाण्यासाठी पत्रकं लिहायचो. पाणी आलं नाही. पण पत्रकात एक चूक दाखवा!

आप्पा, म्हणजे माझे चुलते, गेले आणि मागं त्यांचा मेंढा उरला. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. आप्पा सोडून दिसेल त्याला धडक! ते गेल्यापासून मात्र त्यानं चाऱ्याला धड तोंड लावलं नव्हतं.

नदीच्या घाटावर पिंड मांडला, तर कावळे बाभळीवरून हलेनात.

"आप्पा, आईला अंतर देनार नाय!" त्यांचा मुलगा दत्ता हात जोडून म्हणाला. कावळे ढिम्म.

"आप्पा, घरावर स्लॅब टाकतो!" ढिम्म.

"मेंढ्याचं बोल की रं," काकी रडत म्हणाली. "त्याच्यातच जीव अडकलाय त्यांचा. आन् तुमी खाटकाला सांगून ठिवलंय!"

दत्ता भोसरीला एका खोलीत राहणारा. मेंढा ठेवणार कुठं? बाकीचे भाऊबंद एकाएकी नदीचं पाणी निरखायला लागले.

"तू लई लिव्हतोस ना राव," दत्ता माझ्यावर घसरला. "तूच सांग आप्पांना."

मी घसा साफ केला. "दिवंगतांच्या मेंढ्याच्या संगोपनाची समुचित व्यवस्था लवकरच करण्यात येईल!"

एक कावळा उठला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"करन्यात यील म्हंजी? करनार कोन?" काकीनं विचारलं.

"काकी, हा कर्मणी प्रयोग आहे. नियमात बसतो."

"परयोग नको, मानूस सांग!"

"कुटुंबीयांमार्फत..."

"त्यातलं कोन?"

ऊन चढलं. तिकडं भात गार झाला. पावणे कुजबुजायला लागले, "आटपा राव, आमची एसटी जाईल." माझं डोकं फिरलं. एवढं निर्दोष वाक्य, आणि ही किंमत?

"सरळ वाक्यच पाहिजे ना तुम्हाला?" मी ओरडलो. "आधी कर्ता, शेवटी क्रियापद? हे घ्या उदाहरण! मी आप्पांचा मेंढा सांभाळीन!"

कावळा थेट पिंडावर!

"शिवला! शिवला!" माणसं उठून भाताकडं पळाली.

"अहो, ते उदाहरण होतं!" मी मागून ओरडतोय, पण ऐकतंय कोण! काकीनं तेवढे माझे दोन्ही हात घट्ट धरले. मग मी 'उदाहरण' हा शब्द मागं घेतला.

मेंढा माझ्याकडं आला. चार दिवसांनी चारा खायला लागला. दार वाजलं की मान वर करून बघायचा, आप्पा आले म्हणून. आत यायचो मी! मग त्याचंही वाक्य सुरू व्हायचं: कर्ता मेंढा, कर्म मी. क्रियापद कमरेत बसलं की अर्थाबद्दल कसलीही शंका उरायची नाही!