नऊचा हात

अर्धांगाच्या झटक्यानंतर आबा डाव्या हाताने जेवू लागले आणि त्याच आठवड्यात त्यांनी पंगत सोडली. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. घरातले सगळे ओळीने जेवायला बसले की ते आपलं ताट घेऊन पडवीत, गोठ्याकडे तोंड करून बसायचे. काकींनी विनवून पाहिलं, माझ्या आईने रागावून पाहिलं. "डाव्या हातानं पंगतीत बसत न्हाईत," एवढंच त्यांचं उत्तर.

आमच्या वाडवडिलांनी मेंढरं सोडून शेती धरली, पण ढोल सोडला नव्हता. निमोण्याच्या आसपास जत्रेत गजी फेर धरून नाचायचे झाले की ढोलावर आबाच लागत. उजव्या हातात टिपरू म्हणजे वाजवायची काठी, डाव्या हाताची थाप. नाचणारे घामाघूम होऊन खाली बसायचे आणि हा गडी उभाच. झटका उजव्या अंगाला आला आणि ढोल माळ्यावर गेला. शिरूरच्या डॉक्टरांनी त्या हाताने दाबत राहायला रबरी चेंडू दिला होता. आबांनी तो दुसऱ्याच दिवशी कुत्र्यापुढे टाकला.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी रांजणगावला कंपनीत शिफ्टमध्ये होतो आणि डोक्यात एकच खूळ होतं, कॉम्प्युटरवर ताल बनवायचं. एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. आबांच्या ढोलाची जत्रेत भरलेली एक कॅसेट घरात होती, तिच्यातले ठोके एकेक कापून त्यात साठवले होते. पण माउसने ढोल वाजवणं म्हणजे चिमट्याने भाकरी थापणं. मला पॅड हवं होतं. म्हणजे रबराच्या सोळा चौकोनांचा एक डबा. तो स्वतः मुका असतो. वायरने कॉम्प्युटरला जोडला आणि चौकोनावर बोट मारलं, की साठवलेला ठोका वाजतो.

दौंडला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका मामांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्याकडे असे दोन डबे आल्याचं कळलं. मी निघालो तशा काकी म्हणाल्या, "ह्यांनाबी घिऊन जा. बसून बसून माणूस आंबलाय."

दुकानात गेल्या गेल्या मी निवड करून टाकली. एक डबा कोरा होता, बोट लागलं की चौकोन लाल-निळे पेटायचे. दुसरा कुणाचा तरी वापरलेला, कोपरे घासलेले, दिवा नावालाही नाही. मी कोऱ्याला मिठी मारायचाच बाकी होतो.

"मेंढरू लोकरीवरनं घेऊ न्हाई," आबा मागून म्हणाले. "लोकरीखाली हात घालावा."

मामा हसले. त्यांनी पेनड्राइव्हवरचे माझे ठोके आपल्या कॉम्प्युटरवर घेतले, टिपरूचा ठोका एका चौकोनाला आणि थापेचा दुसऱ्याला लावला, आणि कोरा डबा आबांपुढे सरकवला. आबांनी डाव्या हाताने मारलं. दणका झाला. मग इकडेतिकडे बघत उजव्या हाताचं बोट कसंबसं उचललं आणि चौकोनावर टाकलं. तसाच दणका! टिपरूचा खणखणीत ठोका, वीस वर्षांपूर्वीच्या जत्रेतला.

मला भरून आलं. "आबा, वाजलं की!" मी ओरडलोच.

आबांनी बोट पुन्हा नुसतं टेकवलं. पुन्हा तेवढाच दणका.

"ह्याच्यात तसंच आहे," मामा म्हणाले. "कसंही मारा, आवाज एकच, भरपूर. शिकणाऱ्यांना बरं पडतं."

"दुसरा लावा," आबा म्हणाले.

घासलेल्या डब्यावर डाव्या हाताने दणका झाला. उजव्याने नुसतं टिक्. कान दिला नसता तर ऐकूही आलं नसतं. ठोका किती जोराचा ते पडद्यावर आकड्यात दिसत होतं. मामांनी वाचलं, "डावा शंभर. उजवा नऊ." आणि लगेच ओशाळून म्हणाले, "जास्तीत जास्त एकशे सत्तावीस दाखवतं हे."

मला त्या आकड्याचा भयंकर राग आला. एवढ्या मोठ्या वादकाला कुणी नऊ म्हणावं? मी कोरा डबा उचलून म्हणालो, "आबा, हाच घेऊ. ह्याच्यावर तुमचा हात पहिल्यासारखा वाजतोय."

"त्यो माझा हात न्हाई, लेका," आबा म्हणाले. "माझा नऊचा हाय. नऊचा हाय तर नऊच दाव."

आम्ही घासलेला डबा घेतला. एसटीत मी गाल फुगवून बसलो होतो. आबांनी डबा मांडीवर घेतला होता आणि कुणाला हात लावू देत नव्हते.

घरी आल्यावर माझं खूळ राहिलं बाजूला. शिफ्ट करून यावं तर खुर्चीत आबा. डबा माझा, कॉम्प्युटर माझा, आणि नंबर लावायचा मी. आकडे त्यांना फोन लावण्यापुरते येत होते, तेवढे पुरले. बारा. चौदा. पुन्हा अकरा. चेंडू कुत्र्याला टाकणारा माणूस सकाळ-संध्याकाळ ते मेलेलं बोट उचलून त्या चौकोनावर टाकत होता आणि एकदाही कुरकुरत नव्हता. कंपनीत मी पुष्कळ कष्टाळू माणसं पाहिली, असा दुसरा नाही पाहिला.

बाविसावर गाडी अडली. तीन आठवडे हलेना. मला बघवेना, म्हणून आबा रानात गेलेले पाहून मी कॉम्प्युटरमध्ये खटपट केली, त्यांचा हलका ठोका जड दिसेल अशी. संध्याकाळी आबांनी पहिलं बोट टाकलं आणि पडद्यावर आलं साठ.

ते माझ्याकडे वळले. "कुणी हात लावला?"

मी सगळं पूर्ववत केलं. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

पुढच्या जत्रेपर्यंत हात चौतिसावर आला आणि तिथंच थांबला. टिपरू काही त्या हाताला परत धरता आलं नाही. त्या वर्षी ढोल दुसऱ्याने वाजवला आणि आबा देवळाच्या पायरीवर बसून मांडीवर ठेका देत राहिले.

मग पंगत बसली. काकी सवयीने त्यांचं ताट बाजूला घेऊन जाऊ लागल्या. आबांनी ते त्यांच्या हातातून घेतलं, ओळीत माझ्यासमोर येऊन बसले आणि भाकरीवर उजवा हात ठेवला. तुकडा मोडायला वेळ लागला. पहिला घास आमटीत पडला. वाढणारा पोरगा वाकून म्हणाला, "आबा, चमचा देऊ का?"

"नगं," आबा म्हणाले, आणि दुसरा घास तोंडापर्यंत नेला.

मी हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत होतो. आबांनी वर पाहिलं.

"जेव की, लेका," ते म्हणाले. "आमटी गार व्हतीया."