चुन्याच्या रेघेवरची चाकाची खूण

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि बाबा शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून पडले होते तेव्हा त्यांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. तरी बघा, मुद्द्यावर यायचं सोडून आधी नावाचीच गोष्ट सांगतो.

सौंसरमध्ये लोक मला 'धरमकाटा मास्तर' म्हणतात. धरमकाटा म्हणजे कापसाच्या गाड्यांचं वजन करायचा मोठा काटा. त्यानं जे वजन दाखवलं त्यावर व्यापारीही बोलत नाही आणि शेतकरीही बोलत नाही. हे नाव मला एका शंकरपटानं दिलं. चांगलं नाव आहे ना? लोक आदरानं घेतात. मला त्या नावाची शिसारी येते.

ऐंशी ते नव्वदच्या मधली गोष्ट. मी शिक्षक; शाळा सौंसरची, घर मोहगावचं. घरी संत्र्याची बाग, थोडा कापूस, आणि बाबांची जोडी — सरदार आणि चांद्या. बाबांना पटाचा नाद. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्या पटात दोन हलके छकडे शेजारी-शेजारी सुटत, मध्ये चुन्याची सरळ रेघ. छकड्यावर एकटा धुरकरी, जोडी हाकणारा. त्यानं रेघ कापली की जोडी बाद. आणि नुसती बाद होऊन भागत नसे. रेघ कापून टक्कर केली असा ज्याच्यावर बोल लागला, त्याच्या हातात नंतर कोणी कासरा देत नसे. आपला बैल कोण मरायला देईल?

बाबांची जोडी गजानन हाकायचा. माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला, चौथीत शाळा सोडलेला. त्याचा बाप आमच्याकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा. त्याच्याजवळ ना शेत, ना बैल. धुरकरी म्हणून नाव होतं, तेवढंच. पण काय नाव! सावरगावपासून लोधीखेड्यापर्यंत लोक आपली जोडी घेऊन त्याच्या दारात यायचे.

आणि मी जळायचो. आता कशाला लपवू? बैलांना उडदाची डाळ चारताना बाबा त्याच्याशी तास-तास बोलायचे. माझ्याशी दोन वाक्यं — "जेवला का?" आणि "पगार झाला का?" मला नोकरी लागली तेव्हा बाबांनी देवापुढे गूळ ठेवला आणि शेतात गेले. गजाननानं पहिला पट मारला तेव्हा मोहगावभर पेढे वाटले. पेढ्यांचा पुडा मलाच धरायला दिला. हसू नका. माणूस अशाच गोष्टी आयुष्यभर मोजत बसतो.

एकदा मीही हट्टानं छकड्यावर उभा राहिलो होतो. अर्ध्या वाटेत सरदारनं मान वळवली आणि जोडी शांतपणे गोठ्याकडे चालायला लागली. सगळा गाव हसला. बाबाही हसले, म्हणाले, "उतर रे बाबू, तुह्या हातात खडूच शोभते." गजानन मात्र हसला नाही. त्यानं धावत येऊन कासरा धरला आणि मला हात देऊन उतरवलं. त्याचं न हसणंच मला जास्त लागलं. मेल्यानं हसायला काय हरकत होती?

तर, खडूच शोभतो म्हणून पटावर मला रेघ मारायचं काम. शाळेच्या खेळांसाठी मैदान आखायची सवय होती. मी डबा घेऊन चुन्याची रेघ ओढायचो आणि शर्यत सुटली की मधोमध, रेघेशी उभा राहायचो. कोणाचं चाक इकडचं तिकडे गेलं ते मी सांगायचं. त्या वर्षी कोणी कुरकुरलं की मास्तरच्या बापाची जोडी पळून राहिली, मास्तर तिथे कसा? पंच म्हणाले, मास्तर खोटं नाही बोलत. तेव्हा ते खरंही होतं.

शेवटची शर्यत. एका बाजूला आमची जोडी, दुसऱ्या बाजूला लोधीखेड्याच्या वामनरावांची. वामनराव जुने धुरकरी, पन्नाशीचे. झेंडी पडली, दोन्ही छकडे सोबत आले, मागे नुसती धूळ. माझ्यापासून दहा पावलांवर असताना वामनरावांचा बैल गर्दीतल्या कोण्या छत्रीला बुजला आणि आतल्या अंगाला सरकला. तिथे त्यांनी कासरा ओढायला हवा होता. त्यांनी बैल आणखी पळावा म्हणून शेपटी पिळली. त्यांचं चाक रेघेवरून आमच्या बाजूला आलं — चांगलं हातभर. गजाननानं टक्कर चुकवायला आपली जोडी बाहेर ओढली, पण उशीर झाला होता. चाकात चाक अडकलं. आमचा छकडा उलटला, चांद्या पुढच्या पायावर कोसळला, आणि तो पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी ऐकला आणि मी पाहिलंही. रेघ तुटली होती. चाकानं ओढलेला चुना आमच्या बाजूच्या मातीत लांब पसरला होता. लहान लेकरालाही कळलं असतं की चाक कुठून कुठे गेलं. नुसतं पंचांना बोलवायचं आणि बोट दाखवायचं, एवढंच माझं काम होतं.

तेवढ्यात बाबा आले. माझ्या अंगाला घासून धावत गेले. मला वाटलं बैलाकडे चालले. ते बैलाकडे गेले नाहीत. ते गजाननकडे गेले, मातीत बसले, त्याचं रक्तानं माखलेलं डोकं मांडीवर घेतलं आणि "माह्या पोरा, माह्या पोरा" म्हणत आपल्या धोतरानं त्याचं तोंड पुसायला लागले.

मला त्यांनी जन्मात कधी तसं म्हटलं नव्हतं.

मी काय केलं ते आता सांगतो. सगळा पट त्या उलटलेल्या छकड्याभोवती जमला होता, माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी चपलेनं ती खूण पुसली. घाईत नाही, सावकाश, फळा पुसावा तशी. मग डबा वाकडा केला आणि तुटलेल्या जागी पुन्हा चुना टाकला. रेघ सरळ झाली. माझा हात रेघेला चांगलाच बसलेला होता.

पंच आले. रेघ पाहिली, धड होती — तुटली की पुन्हा ओढणं माझंच काम, म्हणून कोणाला नवल नाही. "मास्तर, कोनं कापली?"

मी म्हटलं, "आमच्या जोडीनं."

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात तोंडून निघून गेलं असेल. नाही हो. राग तिथेच संपला होता. त्यानंतर आठ दिवस होते माझ्याजवळ.

ते आठ दिवस सौंसरच्या बस स्टँडसमोरच्या हॉटेलात दुसरा विषयच नव्हता. काडेपेट्यांचे छकडे, मध्ये ओळीनं मांडलेल्या बिड्यांची रेघ, आणि भांडणं. गजाननानं बाहेर कशाला ओढलं? बाहेर ओढल्यावर मागून छकडा आत येतेच ना बे! वामनरावनं शेपटी पिळली, मी सोता पायलं! तू काय पायलं, तू तं भजे खाऊन राहिला होता! पांढुर्ण्याचा एक कापडवाला तर रोज बसनं यायचा, फक्त वाद घालायला. तो एकटा शेवटपर्यंत गजाननच्या बाजूनं होता. काडेपेटी सरकवून-सरकवून तो अगदी बरोबर जागेवर आणायचा. मग सगळे माझ्याकडे वळायचे. मास्तर, तुम्ही सांगा.

आणि मी ती काडेपेटी उचलून दुसरीकडे ठेवायचो. दरवेळी.

सख्ख्या बापाच्या जोडीविरुद्ध बोलला म्हणजे हा माणूस खोटं बोलूच शकत नाही — असं कोणीतरी त्या टेबलावर म्हणालं, आणि तिथेच मला धरमकाटा हे नाव पडलं. मला ते आवडलं, हेही सांगून टाकतो. पहिल्यांदाच लोक गजाननऐवजी माझ्याबद्दल बोलून राहिले होते.

पण खरी गोष्ट पटाच्याच दिवशी संध्याकाळची आहे. गोठ्यात बाबा चांद्याच्या पायाशी बसले होते. गजानन डोक्याला फडकं बांधून भिंतीला टेकून उभा होता. बाबांनी मान वर न करता विचारलं, "गज्या, मास्तर म्हनते तू रेघ कापली."

मी दारातच होतो. मला वाटलं आता हा उसळेल, माझी गचांडी धरेल. धरायला हवी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "धुळीत मले काई दिसलं नाही, काकाजी. मले वाटलं मी बाहेर वढून राहिलो. पण मास्तरले दिसलं तं कापलीच असन."

समजलं ना तुम्हाला? तो माझ्यासाठी गप्प बसला नाही. त्याला ते खरं वाटलं. स्वतःच्या हातांपेक्षा त्यानं माझ्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवला.

मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली. बोटांच्या बेचक्यात चुना भरला होता, घामानं कातडी लाल झाली होती. "चुना भाजते मास्तर, ठेवू नका तसा," म्हणाला, आणि त्या फुटक्या डोक्यानं आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी घेऊन आला. खाली बसून तो माझ्या पायांना तेल लावायला लागला. मी पाय मागे घेतला नाही.

चांद्या महिनाभरात गेला. बाबा गजाननला एका शब्दानं बोलले नाहीत, पण एकट्या सरदारला विकून टाकलं आणि दुसरी जोडी काही घेतली नाही. पुढच्या वर्षी कोणाचीच जोडी त्याच्या दारात आली नाही. तोही कोणाकडे गेला नाही. संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामाला लागला आणि त्यातच म्हातारा झाला. वामनरावांना खरं ठाऊक असणार, शेपटी पिळणारा हात त्यांचाच होता. पण ते कधी बोलले नाहीत, आणि आता ते नाहीत. पांढुर्ण्याचा कापडवालाही गेला. बाबांना खांदा दिला तेव्हा पुढच्या बाजूला मी आणि गजाननच होतो. आणि एक गंमत ऐका. गजाननचं गोठ्यात येणं बंद करवून मला बाबा मिळाले का? नाही मिळाले. ते रिकाम्या गोठ्यात एकटे बसायला लागले, बस.

दर पोळ्याला गजानन आमच्याकडे येतो. आमच्या बागेच्या बांधाशी, जिथे चांद्याला पुरलं, तिथे पुरणपोळी ठेवतो आणि हात जोडतो. माझी बायको म्हणते, किती इमानी माणूस.

यंदाही आला. नंतर आम्ही चौकात चहाला बसलो. दोन-तीन तरुण पोरं कुठल्यातरी पटातल्या टकरीवर हमरीतुमरीवर आली होती — चूक कोणाची, रेघ कोणी कापली, धुरकऱ्यानं काय करायला हवं होतं. गजानन ऐकत होता. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "भांडू नका रे. घाईत समजत नाही मानसाले. मीबी कापली होती रेघ एकडाव. काकाजीचा सोन्यासारखा बैल माह्या हातानं गेला. इचारा, हे मास्तर तिथंच उभे होते."

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. गजाननानंही पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.