विसणाचं पाणी

‘पाणी उकळून प्या’ अशी पत्रकं मी मंगळवार पेठेत दारोदार वाटत होते, आणि आमच्याच घरात भावाच्या दीड वर्षाच्या पोरीचे जुलाब थांबत नव्हते. गल्ली हसत होती. हसेना का. मला राग त्याचा नव्हता. पोरीचे डोळे खोल गेले होते, आणि डॉक्टर दर खेपेला तेच म्हणायचे, “औषध देतो, पण पाणी बघा.”

बघायचं काय? पावसाळ्यात परसातल्या आडाचं पाणी गढूळ व्हायचं. त्यात तुरटी फिरवून, वरचं निवळ दुपदरी धोतराच्या फडक्यातून गाळून वहिनी ते चांगलं खळखळून उकळायची. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

एका सकाळी मुद्दाम स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले. वहिनीनं स्टोव्हवरून तपेलं उतरवलं, आणि आईनं घागरीतल्या कच्च्या गार पाण्याचा तांब्या त्यात ओतला.

“हे काय केलंस?”

“विसण घातलं. खुळे, कडकडीत पाणी लेकराच्या नरड्यात ओतू व्हय?”

आंघोळीच्या बंबातलं पाणी असो की तपेल्यातलं, गरम पाण्यात विसण घालायचं हे आमच्या हाताला शिकवावं लागत नाही. पत्रक लिहिणाऱ्या शहाण्यांनी कधी चुलीपुढे बसून बघितलं असतं तर कळलं असतं.

“अगं, मग उकळलं कशाला?”

“उकळलं की पाणी मरतं. म्हणून जरा जितं पाणी घालायचं.”

“त्यात जितं जे काय आहे ना, तेच पोरीच्या पोटात वळवळतंय!”

मी तपेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं. वहिनी भिंतीला चिकटली. शेजारच्या काकू खिडकीतून आईला म्हणाल्या, “वैनी, तुमची लेक उद्या आडाला थर्मामीटर लावंल की!”

आई भडकली. “पुन्यांदा उकळायला रॉकेल काय तुझा सासरा धाडतोय? रांगेत तू उभी ऱ्हा!”

“राहते.”

आणि राहिले. डबा घेऊन, पावसात, त्याच गल्लीच्या नाकासमोर. रोज संध्याकाळी पाणी उकळून झाकून ठेवायचं, सकाळी विसणाला तेच. कळशीवर झाकण, आत ओगराळं, हात बुडवायचा नाही. आई पुटपुटायची, “मेलेल्यात मेलेलं.” पण घालायची तेच, कारण घागरीशी मी पहाऱ्याला बसलेली असायचे.

हळूहळू जुलाब थांबले. पोरगी भाकरीचा तुकडा चघळत अंगणात पुन्हा दुडुदुडु चालायला लागली. आईनं तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि शेजारी सांगितलं, दृष्ट उतरली. सांग म्हटलं. श्रेय सगळं तू घे, कच्च्या पाण्याचा तांब्या तेवढा तपेल्यापासून लांब ठेव.

‘विसण’ हा शब्द पत्रकात घाला म्हटल्यावर पत्रकं छापणाऱ्या आमच्या मंडळाचे पुढारी म्हणाले, असले चुलीपुढचे शब्द छापील कागदात शोभत नाहीत. पोरीच्या पोटात शोभत होतं वाटतं? उरलेल्या प्रत्येक पत्रकावर मी शाईनं लिहिलं: विसण घालाल तर तेही उकळून गार केलेलंच. आणि पहिलं पत्रक काकूंच्या हातात दिलं.

काकूंनी वाचलं. “आन् दारात पावणं आलं तर? त्यास्नीबी मेलेलं पाणी देऊ व्हय?”

“द्या,” म्हटलं. “पावणं जगंल.”