टोमॅटो, वांगं आणि इंजिन

मला बघायला आले त्या दिवशी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाले, “मुलगी पसंत हाय, आसा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?”

संदीप, म्हणजे ज्याच्यासाठी ही सगळी मंडळी आली होती तो, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. शेवटी माझी आईच घाबरून म्हणाली, “मी देते.”

“तुमाला मताचा अधिकार न्हाय,” आबा तिला समजावून म्हणाले, “पर भावना पोचली.”

मी हसू दाबण्यासाठी पदर तोंडाशी धरला. त्यांना वाटलं, मुलगी लाजली. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळ्या एकट्या आबांनीच वाजवल्या.

लग्नानंतर कन्हेरीला आले तेव्हा या सवयीचं मूळ कळलं. आबा फार वर्षांपूर्वी एकदा गावच्या सोसायटीवर निवडून आले होते. पुढच्या वेळी पडले. खुर्ची गेली, पण सभा अंगातून गेली नाही. घरात काहीही ठरवायचं असलं की ओट्यावर बैठक. यंदा ढोबळी मिरची किती लावायची, पाहुण्यांना चहा की सरबत, सगळ्यावर मतदान. नवीन म्हशीला नाव ठेवण्यावरून दोन गट पडले आणि ती बिचारी कितीतरी दिवस नुसतीच म्हैस म्हणून दूध देत राहिली. “एकट्याच्या डोक्यानं निर्णय घिऊ न्हाय,” आबा म्हणायचे. “चार जणांत चुकलं तर चूक चौघांत वाटून जाती.”

या सगळ्यात माझ्या सासूबाई कधी नसायच्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या आत भाकरी थापत असायच्या. कुणी विचारलंच तर आतूनच म्हणायच्या, “माझं काय, तुमी ठरवा.” आबा लगेच जाहीर करायचे, “एक मत तटस्थ.”

आता त्या पिकअपकडे येते. आबांनी ती जुनी घेतली आणि नंतर तिच्यात इतकं काय काय केलं, की मूळ मालकालासुद्धा ती ओळखू आली नसती. मागचा हौदा हातभर लांबवला. पुढं बसायला मोडीत निघालेल्या मिनीबसचं लांब बाकडं आणून बसवलं. हौद्याच्या फळ्यांवर पोपट काढायचा की मोर, यावर मतं समसमान पडली, म्हणून एका बाजूला पोपट आणि दुसऱ्या बाजूला मोर होता. रोज सकाळी त्या गाडीतून आमची वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची बारामतीच्या बाजारात जायची. एक दिवस भरल्या मालासकट ती रस्त्यातच बंद पडली. रफिकभाईंनी, म्हणजे आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनी, बॉनेट उघडलं, बघितलं आणि हळूच परत लावलं.

“आबा, इंजिन गेलं. आता ह्याला रिपेर करणं म्हणजे मेलेल्याला टॉनिक पाजणं.”

संदीप म्हणाला, “विकून टाकू गाडी.”

आबांना ते लागलं. “गाडीला काय झालंय? नुसतं इंजिन गेलंय. दात पडलं म्हणून माणूस इकतो का आपण?”

तेव्हा दुसरं इंजिन बसवायचं ठरलं. कोणतं, यासाठी रविवारी ओट्यावर सभा बोलावली गेली. भवानीनगरहून आबांचे धाकटे भाऊ तात्या आणि काकू आले. तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेलेली, त्यामुळे यंत्राच्या विषयात आपल्यापुढं कुणी बोलू नये असं त्यांना वाटायचं. रफिकभाईंना ‘निमंत्रित’ म्हणून बोलावलं होतं. म्हणजे चहा होता, मत नव्हतं.

रफिकभाईंनी तीन इंजिनं सांगितली. एक, होतं तसंच, त्याच बनावटीचं, नव्यानं बांधलेलं. दुसरं, एका मोटारीचं पेट्रोल इंजिन, गॅसच्या टाकीवर चालणारं. तिसरं, मोडीत निघालेल्या एका मोठ्या जीपचं डिझेल इंजिन. तिसऱ्याचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा हळवा झाला. “आबा, ते जनावर आहे जनावर. पण तुमच्या गाडीला जरा जास्तच होईल.”

“तिसरं बाद,” तात्या म्हणाले. “आपल्याला भाजी न्ह्यायचीय, दरोडा घालायचा न्हाय. दादा, जे व्हतं तेच बसव. आरटीओत कागद बी लवकर हुत्यात.”

संदीप म्हणाला, “तात्या, ते इंजिन चालू झालं की अख्ख्या गावाला कळायचं. गॅसचं घेऊ. आवाज नाही, खर्च कमी.”

“आन गॅसची टाकी कुठं ठिवणार? टोमॅटोच्या क्रेटवर?”

तासभर असं चाललं. शेवटी आबांनी गुप्त मतदान जाहीर केलं. तात्यांच्या इंजिनाला निशाणी वांगं, संदीपच्या इंजिनाला टोमॅटो. ओट्याच्या टोकाला फडकं टाकलेली बादली. प्रत्येकानं पाठमोरं होऊन आपली भाजी आत सोडायची. मतदार चार: तात्या, काकू, संदीप आणि मी. आबा अध्यक्ष, म्हणून त्यांना मत नाही. आत्या भाकरी करत होत्या, म्हणून तटस्थ.

मी वांगं टाकलं. नवऱ्याच्या विरोधात टाकलं हे खरं, पण गॅसच्या टाकीनं हौद्यातली जागा गेली असती आणि क्रेट भरायचं काम माझं होतं.

आबांनी फडकं काढलं. दोन वांगी, दोन टोमॅटो.

तात्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “सूनबाई, नवऱ्याला धरून ऱ्हायलीस व्हय?”

मी काही बोलायच्या आत काकू शांतपणे म्हणाल्या, “तिला काय बोलू नका. टोमॅटो माझा व्हता.”

तात्या उभेच राहिले. “तुझा? का?”

“तुमच्या वांग्याचा आवाज मी तीस वरीस ऐकतीया,” काकू म्हणाल्या. “जरा शांत इंजिन बगावं म्हटलं.”

तात्या काकूंवर चिडले असते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण ते वळले आबांकडे. “दादा, तू माझी बायको फोडलीस!”

“मी अध्यक्ष हाय,” आबा हबकून म्हणाले. “मी कशाला फोडीन?”

“सभात्याग!” असं ओरडून तात्या चपला घालून चालू लागले. काकूंनी मात्र चहा संपवला, मग निघाल्या.

ही गंमत तेव्हा कुणालाच गंमत वाटली नाही. तात्यांनी फोन उचलणं बंद केलं. आठवड्याच्या बाजाराला ते दर वेळी आमच्याकडे जेवायला यायचे, ते येईनासे झाले. आबांना निर्णायक मत देता आलं असतं, पण वांग्याला दिलं तर मुलगा नाराज आणि टोमॅटोला दिलं तर भाऊ कायमचा तुटणार. ते नुसते ओट्यावर बसून राहायचे. दारात पोपट-मोराची गाडी तशीच उभी. भाजी दुसऱ्याच्या टेम्पोतून जायची आणि टेम्पोवाला आमचा माल नेहमी सगळ्यात खाली रचायचा.

एका दुपारी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आबा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. “अगं, तुला काय वाटतं? कुठलं इंजिन घ्यावं?”

आत्यांनी परातीतून हात काढला. मला वाटलं, आता ‘माझं काय’ येणार.

“तिसरं,” आत्या म्हणाल्या.

“तिसरं? ते जीपचं? आगं, ते कुणी मांडलंच न्हाय.”

“मग मी मांडती.”

“पर का?”

आत्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. “मी लगीन करून आल्यापासनं तुमच्या शेजारी बसून माह्यारी जातीया. इंदापूरपातुर सगळी दुनिया आपल्याला मागं टाकती. टेम्पो टाकत्यात, टमटम टाकती. गेल्या साली उसाच्या ट्रॅक्टरनं टाकलं. दोन ट्रॉल्या भरलेल्या! आन मागच्या ट्रॉलीवरची बाई मला हात करून गेली.” त्यांचा आवाज चढला होता. “मला एकदा त्या ट्रॅक्टरला मागं टाकायचंय.”

एवढ्या वर्षांची तटस्थ सदस्य अशी बोलेल हे आबांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्यांनी सवयीनं मागं वळून विचारलं, “अनुमोदन?”

“माझं,” मी म्हणाले. इतकं मनापासून मी आयुष्यात कशालाच अनुमोदन दिलं नसेल.

रफिकभाईंना आनंद लपवता येईना. पण ते जनावर आमच्या गाडीच्या तोंडात मावेना. रेडिएटर पुढं सरकवावा लागला, बॉनेटला भोक पाडून वर पत्र्याचं टोपडं बसवावं लागलं. गाडी नाक फुगवलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. आरटीओच्या परवानगीला वेळ लागला तो लागलाच. गाडी ताब्यात देताना रफिकभाई म्हणाले, “आबा, इंजिनाच्या मानानं ब्रेक जुने आहेत. ते पण बघून घेऊ.”

“तो इषय पत्रिकेवर नव्हता,” आबा म्हणाले. “फुडल्या सभेत घिऊ.”

पुढची सभा व्हायच्या आत आत्यांच्या भाच्याचं लग्न ठरलं आणि त्याच्या सुपारीचा कार्यक्रम आला. जेवणाला लागणारी वांगी आणि टोमॅटो आमच्याकडून जायचे होते. आबा चालवायला, मध्ये मी, खिडकीशी नवं लुगडं नेसलेल्या आत्या, असे आम्ही निघालो. इंजिन असं गुरगुरत होतं की बारामती ओलांडेपर्यंत आबांनी पाय जपूनच ठेवला. भवानीनगरच्या पुढं गेल्यावर समोर तो दिसला. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या.

आत्यांनी आबांकडे बघितलं.

आबांनी हॉर्न दिला आणि पाय दाबला. गाडीनं अशी उसळी घेतली की माझं डोकं मागच्या पत्र्यावर आपटलं. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टर गेला. आत्या अर्ध्या खिडकीबाहेर होत्या. “हात करा म्हणावं आता!” त्या ओरडत होत्या. “करा की हात!”

तेवढ्यात कालव्याचं वळण आलं. आबांनी ब्रेक दाबला. गाडीला काही ते पटलं नाही.

“लागंना!” आबा म्हणाले. त्यांनी गेअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला, दोन देवांची नावं घेतली आणि वळणावर न वळता सरळ पुढच्या उसात शिरले. ऊस कडाकडा आडवा होत गेला, हिरवी पाती काचेवर फटाफट बसली आणि मग गाडी, जणू गादीवर, अलगद थांबली. मागून टोमॅटो आमच्या टपावर धडाधड येऊन पडले.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. आबा स्टिअरिंग धरून पुढं बघत म्हणाले, “इंजिनाचा ठराव झाला. ब्रेकचा झालाच न्हाय.”

आणि आत्या हसायला लागल्या. मी त्यांना तोपर्यंत असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पदर खाली पडला, तरी थांबेनात. बाहेर शेताचा मालक धावत आला होता. तो विचारत होता, “कारखान्याला ऊस आसा न्हेत्यात व्हय?” रस्त्यावरून मघाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत निवांत निघून गेला. आबांचं मात्र उसाकडे लक्ष नव्हतं की गाडीकडे. ते आत्यांच्या तोंडाकडे बघत होते.

जवळचं माणूस म्हणजे तात्याच. मी काकूंना फोन केला. थोड्या वेळानं तात्या कुणाचा तरी ट्रॅक्टर घेऊन आले. आबांशी बोलायचं नाही हे त्यांनी पक्कं केलं होतं, म्हणून मला म्हणाले, “सूनबाई, तुझ्या सासऱ्याला इचार, गाडी न्यूट्रलला हाय का?”

“हाय म्हणावं,” आबा मला म्हणाले. दोघं हातभर अंतरावर उभे होते.

साखळी लावली, गाडी बाहेर निघाली. तात्यांनी बॉनेट उघडून आत डोकावलं आणि बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही. “आयला, इंजिन मातुर झकास हाय,” आतूनच आवाज आला.

आबा पुढं झाले. “तात्या, तुझी बायको मी फोडली नव्हती.”

“ठावं हाय,” तात्या म्हणाले. “ती आपली आपण फुटली.”

मग दोघांनी मिळून शेताच्या मालकाची समजूत घातली आणि पहिल्या गेअरात रांगत निघालेल्या गाडीतून सुपारीला तात्याही आमच्याबरोबर आले, फुटके टोमॅटो मांडीवर घेऊन.

घरी आल्यावर मला वाटलं, आता मोठी सभा होणार. कदाचित इंजिनच बदलणार. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गाडी दारात नाही. आबा एकटेच, कुणालाही न विचारता, तात्यांना फोन न करता, संदीपला न उठवता रफिकभाईंकडे गेले होते आणि नवे ब्रेक बसवायला सांगून आले होते. संदीप म्हणाला, “आबा, मतदान?” आबा म्हणाले, “कशाला?” आणि आंघोळीला गेले.

गेल्या थंडीत आबा गेले. दुपारी जेवून ओट्यावर टेकले ते उठलेच नाहीत. लोक भेटायला आले की त्यांच्या सभांचे किस्से सांगतात. मला आठवते ती ब्रेक बसवून आणल्यानंतरची एक संध्याकाळ. आबा आणि आत्या गाडीत बसून निघाले होते. मागं एकही क्रेट नव्हतं.

मी दारातून विचारलं, “कुठं निघालात?”

“कुठं न्हाय,” आबा म्हणाले. “हिला जरा फिरवून आणतो.”

दिवेलागणीला परत आले. आत्या उतरल्या, केसांत धूळ, तोंड लालबुंद. चूल पेटवायच्या आधी मला सांगितलं, “दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो आन एक एसटी.”

मागून गाडीचं दार लावत आबा म्हणाले, “एसटी थांब्यावर उभी व्हती गं.”

“उभी आसंना का,” आत्या म्हणाल्या. “मागं पडली का न्हाय?”